पिनबॉलचे भाग हरवले म्हणून यंत्र मोडीत काढू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीतील गृहसजावटीच्या लेखात अमेरिकेतून आणलेल्या एका जुन्या पिनबॉल यंत्राचे (काचेखालच्या उतरत्या फळीवर धातूचा चेंडू खेळवून गुण मिळवण्याच्या यंत्राचे) सगळे आतले सामान काढून त्याचे काचेचे टेबल केल्याचे कौतुक वाचले. ‘निम्मे भाग गायब होते, त्यामुळे दुसरा पर्यायच नव्हता’ असे कारण त्यात दिले आहे. हे कारण पटण्यासारखे नाही. ते वाचून आणखी कोणी पाना-पकड हातात घेण्याआधी हे पत्र जरा सविस्तर छापावे, ही विनंती.

हे यंत्र कोणत्या काळातले, हे आधी पाहावे लागते. आपल्याकडे लहान मुले खिळ्यांच्या फळीवर गोळी सोडून खेळतात, तो बॅगाटेल आणि पिनबॉल एकाच कुळातले. माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनी १८७१ मध्ये अमेरिकेत बॅगाटेलमधील सुधारणांचे पेटंट घेतले. पुढे शिकागोत गॉटलीब, विल्यम्स, बॅली या कंपन्यांनी त्याचा मोठा उद्योग केला. १९४७ च्या गॉटलीबच्या ‘हम्टी डम्टी’ने फ्लिपर, म्हणजे बटण दाबताच चेंडूला वर मारणारे छोटे हात, आणले. १९७७ च्या सुमाराला इलेक्ट्रॉनिक बोर्ड येईपर्यंतची, म्हणजे मधल्या तीस वर्षांतली यंत्रे विद्युत-यांत्रिक आहेत. त्यांत एकही चिप नाही. रिले (विजेने उघडमीट होणारे स्विच), कॉइल (वीज मिळताच लोखंडी दांडा ओढणारी तारेची गुंडाळी), पत्र्याच्या पट्ट्यांचे स्विच, फिरत्या चकत्या आणि एक मोटर, एवढ्यावर सगळा हिशेब चालतो. असा प्रत्येक भाग उघडता येतो, मोजता येतो, आणि बहुतेक भाग पुन्हा करताही येतात. ‘भाग मिळत नाहीत’ ही अडचण नंतरच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांतल्या जुन्या चिपांच्या बाबतीत जास्त खरी आहे.

भाग गायब आहेत असे म्हणण्यापूर्वी ते मुळात होते का, हे तपासावे. न्यूयॉर्कमध्ये पिनबॉलवर १९४२ ते १९७६ बंदी होती. काही ठिकाणी फुकट डाव देणारे यंत्र जुगारात धरले जाई, तिथे डावाऐवजी जादा चेंडू देणारे यंत्र चालत असे. म्हणून गॉटलीब एकाच मांडणीची दोन यंत्रे काढत असे. १९६६ चे ‘क्रॉस टाऊन’ फुकट डाव देणारे, तर त्याचेच भावंड ‘सबवे’ जादा चेंडू देणारे. अशा जोडीतल्या एकाच्या पेटीत दुसऱ्याच्या युनिटसाठी पाडलेली रिकामी भोके दिसू शकतात. तिथून काहीही हरवलेले नसते. पूर्वी यंत्र भाड्याने चालवणारे लोकही एखादी सोय बंद करण्यासाठी वायर कापून ठेवत. कापलेल्या टोकावर जुनी टेप गुंडाळलेली असेल, तर तो उंदराचा प्रताप नसून कोणीतरी जाणूनबुजून केलेले काम आहे.

यंत्राचे नाव कळत नसेल, विशेषतः समोरची चित्रांची काच म्हणजे बॅकग्लास नसेल, तर पेटीच्या लाकडावर आणि प्लेफील्डच्या (चेंडू फिरतो त्या फळीच्या) खाली ठोकलेला अनुक्रमांक शोधावा. इंटरनेट पिनबॉल डेटाबेसमध्ये यंत्रांची छायाचित्रे आणि बऱ्याच यंत्रांचे सर्किटचे नकाशे आहेत. प्लेफील्डच्या चित्रावरून यंत्र ओळखता येते आणि काय काय असायला हवे ते छायाचित्रांशी ताडून लिहिता येते. नकाशा हाती येईपर्यंत एकही वायर सोडवू नये.

आणि काहीही झाले तरी वायर प्लगमध्ये घालून ‘चालतंय का बघू’ असे करू नये. सर्वांत जास्त नुकसान याच क्षणी होते. पंधरा-वीस वर्षे पडून असलेल्या यंत्रात एखादा रिले चिकटलेला असतो किंवा एखादी पट्टी वाकून कायमची जोडलेली असते. क्षणभर वीज घेण्यासाठी बनलेली कॉइल मग सतत वीज घेते आणि मिनिटभरातच धुराने भरते. फ्यूजच्या जागी कोणी चंदेरी कागद किंवा तारेचा तुकडा बसवला असेल, तर कॉइल जळून थांबत नाही, ट्रान्सफॉर्मरही जातो. म्हणून पहिले काम फ्यूज तपासण्याचे. किती अँपिअरचा फ्यूज हवा, हे फ्यूजच्या पट्टीजवळच्या चिठ्ठीवर किंवा नकाशावर असते.

गायब आणि निकामी भागांची यादी झाली की तिचे तीन भाग पाडावेत: इथे बाजारात मिळणारे, इथे करून घेता येणारे आणि बाहेरूनच आणावे लागणारे. पहिल्या भागातली नावे पाहून बहुतेकांना आश्चर्य वाटेल.

चेंडू १ १/१६ इंच व्यासाचा, वजन सुमारे ८० ग्रॅम. बेअरिंगच्या दुकानात या मापाची क्रोम स्टीलची गोळी मागावी. गंज चढलेली किंवा टवका गेलेली गोळी चालवू नये, कारण ती प्लेफील्डवरचा रंग सँडपेपरसारखी घासून काढते. पायांचे बोल्ट तीन सुती, इंचाला १६ आटे. आपल्याकडच्या जुन्या हार्डवेअर दुकानांतला तीन सुती व्हिटवर्थ बोल्टही इंचाला १६ आट्यांचाच असतो. आट्याचा कोन थोडा वेगळा असला तरी पायाला तो नीट बसतो. लहान स्क्रूंना मात्र हे लागू नाही. आतले अनेक स्क्रू अमेरिकन ८-३२ मापाचे, म्हणजे ४.१७ मिमी जाडीचे आणि इंचाला ३२ आट्यांचे आहेत. त्यात एम-४ स्क्रू दोन फेरे सहज जातो, मग अडतो, आणि जोर लावला की आटे जातात. हे स्क्रू मागवून ठेवावेत, खर्च किरकोळ आहे.

प्लेफील्डवरची काच बहुतेक यंत्रांत २१ बाय ४३ इंच आणि ३/१६ इंच जाडीची. १९५० च्या दशकातल्या लाकडी कडांच्या यंत्रांत ती लहान असू शकते, म्हणून खाच मोजूनच मागणी द्यावी. पाच मिलिमीटरची टफन्ड काच कोणताही काचवाला करून देतो. साधी काच घालू नये, आणि माप आधीच पक्के करावे, कारण टफन केल्यावर काच कापता येत नाही.

दिव्यांबद्दल थोडे जास्त सांगावे लागेल. मूळ दिवे ६.३ व्होल्टचे, बायोनेट बैठकीचे. क्रमांक ४४ चा दिवा ०.२५ अँपिअर घेतो, क्रमांक ४७ चा ०.१५. आपल्या बाजारात त्याच बैठकीचे ६ व्होल्टचे गाडीचे दिवे मिळतात, पण ते अनेकदा ४ वॅटचे असतात. होल्डरमध्ये बरोबर बसतात म्हणून लोक सर्रास लावतात. ४७ चा दिवा १ वॅटहूनही कमी घेतो. चाळीस दिव्यांच्या जागी ४ वॅटचे चाळीस लावले तर ट्रान्सफॉर्मरवर चौपट ओझे येते आणि उष्णतेने बॅकग्लासमागचा रंग पापुद्र्यासारखा सुटतो. ४७ क्रमांकच वापरावा. एलईडी लावायचेच असतील तर एसीवर न लुकलुकणारे घ्यावेत.

करून घेण्याच्या भागांत सर्वांत महत्त्वाच्या कॉइल. मल्टिमीटरवर कॉइलचा रोध दोन ओहमच्या खाली येत असेल आणि कागद काळा पडला असेल, तर आतले वेढे एकमेकांना चिकटलेत असे समजावे. आपल्याकडे गावोगावी मोटर वाइंडिंगवाले आहेत, त्यांना ही कॉइल गुंडाळणे अवघड नाही. पण त्यांना काय सांगायचे, यावर सगळे अवलंबून आहे. विल्यम्स आणि बॅलीच्या कॉइलवरच्या क्रमांकातच माहिती असते. उदाहरणार्थ एई-२३-८०० म्हणजे २३ गेजची तार, ८०० फेरे. हे गेज अमेरिकन आहे, तार ०.५७ मिमी जाड. आपल्याकडे तार ब्रिटिश गेजने विकतात आणि त्यातली २३ गेज ०.६१ मिमीची असते. वाइंडिंगवाल्याला नुसते ‘२३ गेज’ सांगितले तर तो जाड तार घेईल, ८०० फेरे बॉबिनवर मावणार नाहीत, तो ‘बसतील तेवढे’ घालेल आणि ती कॉइल जास्त करंट ओढून पुन्हा जळेल. म्हणून गेज न सांगता मिलिमीटर सांगावेत. ब्रिटिश २४ गेज ०.५६ मिमीची, ती चालते. गॉटलीबचे क्रमांक ‘ए’ अक्षरापासून सुरू होतात, पण ते निव्वळ भागाचे क्रमांक, त्यावरून तार कळत नाही. तिथे सुट्या भागांच्या यादीतून माहिती काढावी, नाहीतर जुनी कॉइल उलगडताना फेरे मोजावेत आणि इनॅमल खरवडून मायक्रोमीटरने जाडी घ्यावी. कॉइल परत आल्यावर आत नवी नायलॉनची नळी घालावी. जुनी धातूची नळी उष्णतेने आवळली जाते आणि लोखंडी दांडा तिच्यात अडकतो. त्या दांड्याला तेल किंवा ग्रीस अजिबात लावू नये, धूळ धरून त्याचा चिखल होतो.

परदेशातून नवी कॉइल मागवली तर तिच्या टोकांवर एक छोटा डायोड लावलेला असण्याची शक्यता असते. तो डीसीवर चालणाऱ्या नंतरच्या यंत्रांसाठी आहे. आपले यंत्र एसीवर असेल तर डायोड कापूनच कॉइल बसवावी, नाहीतर अर्ध्या लाटेला थेट शॉर्ट मिळून फ्यूज उडतो. तसेच कॉइलच्या तळाशी दांडा आपटतो त्या थांब्यावर एसी यंत्रात तांब्याचे कडे असते. ते नसलेला साधा थांबा बसवला तर कॉइल सतत घुर्रर्र असा आवाज करते, आणि दोष कॉइलमध्ये शोधण्यात दिवस जातात.

प्लेफील्डवरचे छापील प्लास्टिकचे तुकडे बऱ्याचदा फुटलेले किंवा गायब असतात. खेळाच्या मांडणीत डावे-उजवे तुकडे अनेकदा एकमेकांचे आरशातले रूप असतात, त्यामुळे एक शाबूत असला तर दुसरा स्कॅन करून करता येतो. छपाई पारदर्शक पत्र्याच्या खालच्या बाजूला उलटी करावी, म्हणजे चेंडूने घासून जात नाही. बंपरच्या (चेंडूला उसळवणाऱ्या गोल खांबांच्या) टोप्या थ्रीडी प्रिंटरवर होतात. त्या पीएलए प्लास्टिकच्या करू नयेत, ते साधारण ६० अंशांना मऊ पडते आणि खाली दिवा असतो. पीईटीजी किंवा एबीएस घ्यावे. रबरी कड्या मात्र करत बसू नयेत. यंत्राच्या नावाने पूर्ण संच मिळतो, तो मागवावा. मापाहून लहान कडी ताणून बसवली की तिची उसळी जाते आणि बारीक खांब वाकतात.

बॅकग्लास हा खरा कस आहे. मूळ काचेवर मागून उलट्या क्रमाने स्क्रीन प्रिंटिंग केलेले असते: आधी रेषा, मग एकेक रंग, शेवटी प्रकाश अडवणारा थर, आणि त्या थरात दिवा जिथे दिसायला हवा तेवढीच मोकळी जागा. नुसत्या स्टिकरवर चित्र छापून काचेला चिकटवले की सगळे चित्र एकसारखे उजळते, ‘गेम ओव्हर’ आणि ‘टिल्ट’ (यंत्र जास्त हलवले की येणारी सूचना) ही अक्षरे कायम दिसत राहतात. लोकप्रिय यंत्रांच्या नव्याने छापलेल्या काचा परदेशात मिळतात. मिळत नसेल तर चांगल्या स्कॅनवरून, प्रकाश अडवणारा थर वेगळा काढून, लग्नपत्रिका छापणाऱ्या एखाद्या हुशार स्क्रीन प्रिंटरकडून काम करवून घेता येते. मूळ काच असेल आणि रंग सुटत असेल, तर मागच्या बाजूला ओले फडके कधीच लावू नये. सुटणारा रंग जागच्या जागी धरण्यासाठी पारदर्शक ॲक्रिलिकचा जाड फवारा असतो, तो आधी कोपऱ्यात मारून बघावा.

बाहेरूनच आणायचे असे फार थोडे उरते: स्कोअर मोटर (फिरून ठराविक क्रमाने स्विच दाबणारी), तिच्या कॅम म्हणजे स्विच दाबणाऱ्या चकत्या, मोजणी करणाऱ्या स्टेपरच्या बेकेलाइट चकत्या, गुणांचे आकडे दाखवणाऱ्या स्कोअरच्या रिळा. इथे एक दिलासा आहे. एकाच कंपनीच्या एकाच काळातल्या यंत्रांत हे भाग बहुधा सामाईक असतात. १९६० च्या दशकातल्या गॉटलीबसाठी त्याच काळातले दुसरे कोणतेही मोडके गॉटलीब पुरते, तेच नाव शोधत बसायला नको. कंपन्या मात्र एकमेकांत मिसळू नयेत. गॉटलीबची स्कोअर मोटर एका चक्रात १२० अंश फिरते, दुसऱ्या कंपनीची वेगळी. शाफ्ट बसला तरी स्विचची वेळ जुळणार नाही.

भाग जमले की आधी साफसफाई, मग वीज. स्टेपर म्हणजे चकतीवर पितळी बोटे एकेक पाऊल सरकवून गुण, चेंडू, बोनस मोजणारे युनिट. त्यावरचे जुने ग्रीस वाळून चिकट होते आणि युनिट शून्यावर परत येत नाही. हे खोलण्याआधी परतीची स्प्रिंग किती फेरे ताणलेली आहे ते लिहून ठेवावे. वायर सोडवू नयेत. चकती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी, पितळी टिकल्या बारीक नायलॉनच्या घासणीने चकचकीत कराव्यात. स्टील वूल वापरू नये, त्याचे तंतू दोन टिकल्यांत अडकून शॉर्ट करतात. शेवटी टेफ्लॉनयुक्त वंगणाचा अगदी पुसट हात. गंज सोडवण्याचा बाजारी फवारा या पेटीत मारू नये. तो पेट घेणारा आहे आणि आत सतत ठिणग्या पडतात. स्कोअरच्या रिळांवरचे आकडेही अल्कोहोलने पुसू नयेत, आकडेच निघून येतात.

स्विच शेकडो असतात आणि बिघाडांपैकी बहुतेक तिथेच सापडतात. चांदीच्या टोकांना अल्कोहोलमध्ये भिजवलेली जाड कागदाची पट्टी ओढावी, कानशीने चांदीचा थर जातो. फ्लिपरच्या स्विचची टोके टंगस्टनची असतात, त्यांना मात्र बारीक कानस लागते. उघड्या स्विचमध्ये साधारण दीड मिलिमीटर अंतर हवे आणि बंद होताना एक पट्टी दुसरीला किंचित ढकलून घासली गेली पाहिजे. नुसता स्पर्श पुरत नाही. सुरू करताच स्कोअर मोटर थांबेचना, फिरतच राहिली, तर रिळांच्या शून्याच्या स्विचकडे बघावे. रीळ शून्यावर आली की तो उघडायला हवा, तो उघडत नाही म्हणून यंत्राला वाटते अजून शून्य झालेले नाही. डोके (बॅकग्लास असलेला वरचा भाग) आणि पेटी जोडणारे बेकेलाइटचे प्लगही घासून घ्यावेत. काळवंडलेल्या पिनांमुळे असे भास होतात की जणू अर्धे यंत्रच गायब आहे.

फ्लिपरच्या कॉइलमध्ये दोन वाइंडिंग असतात, एक जोराचे आणि एक धरून ठेवण्याचे. फ्लिपर पूर्ण वर गेला की टोकाचा स्विच उघडतो आणि धरून ठेवणारे वाइंडिंग सर्किटमध्ये येते. तो सुमारे ३ मिमी उघडला पाहिजे. उघडलाच नाही तर बटण दाबून धरणारा खेळाडू कॉइल जाळतो. बंद असताना त्याची टोके काळी असतील तर फ्लिपर मरगळतो आणि लोक उगाच नवी कॉइल मागवतात.

आता विजेचे. यंत्र ११५ ते १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचे. आपल्याकडे २३० आणि ५०. निर्यातीसाठी बनलेल्या यंत्रांच्या ट्रान्सफॉर्मरवर २३० ची जागा असू शकते, ती आधी पाहावी. नसेल तर ५०० व्हीएचा, वेगळ्या वाइंडिंगचा स्टेपडाउन घ्यावा आणि त्याचा आउटपुट १०० ते ११० व्होल्टच ठेवावा. ६० हर्ट्झसाठी बनलेला गाभा ५० हर्ट्झवर जास्त तापतो आणि गुणगुणतो, व्होल्टेज थोडे उतरवले की ते भरून निघते. कॉइलचा जोर त्यामुळे फारसा घटत नाही, कारण ५० हर्ट्झला एसी कॉइल जास्त करंट घेते. स्कोअर मोटर सुमारे एक-षष्ठांश हळू फिरेल, तो दोष नव्हे. मूळ दोन पिनांची वायर काढून तीन पिनांची घालावी आणि ट्रान्सफॉर्मरचा पत्रा, नाण्यांचे दार, बाजूच्या पट्ट्या, पुढची पट्टी, पाय हे सगळे अर्थिंगला जोडावे. याला पर्याय नाही. खेळणाऱ्याचे दोन्ही हात धातूवर असतात.

पहिल्यांदा वीज देताना इलेक्ट्रिशियनकडे असतो तो सिरीज बोर्ड २३० च्या बाजूला, १०० वॅटच्या जुन्या पिवळ्या दिव्यासह लावावा. दिव्यांचे आणि कॉइलचे फ्यूज काढून सुरू केले की दिवा जवळपास विझलेला राहायला हवा. मग फक्त दिव्यांचा फ्यूज. मग कॉइलचा. कॉइलचा फ्यूज घालताच बोर्डवरचा दिवा भगभगून पेटून राहिला तर एखादी कॉइल अडकली आहे. बंद करून हाताने एकेक रिले दाबून बघावा, गरम लागेल तो सापडतो. चेंडू न घालता सर्व युनिट शून्यावर येईपर्यंत पुढे जाऊ नये. यंत्र कायम टिल्ट दाखवत असेल तर पेटीतला लोंबता लंबक बाजूच्या कड्याला टेकलेला असतो. खेळायला लागताना प्लेफील्डचा उतार साडेतीन अंशांच्या आसपास ठेवावा. नव्या यंत्रांचा साडेसहाचा उतार दिला तर या जुन्या फ्लिपरांना चेंडू वरपर्यंत पोचवता येत नाही.

कोकणात आणि मुंबईत यंत्र ठेवणाऱ्यांनी पावसाळ्यात पेटी भिंतीपासून हातभर लांब ठेवावी आणि आठवड्यातून तासभर चालू करावी. दिव्यांची ऊब आतला दमटपणा घालवते. प्लायच्या पेटीची खालची कड वाळवीला पहिली लागते.

अमेरिकेतून परतताना कंटेनरमध्ये असे यंत्र आणणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी शेवटचे काही. चढवण्याआधी चेंडू काढून घ्यावा, नाहीतर तो प्रवासभर आत आपटत राहतो. डोके पेटीपासून सोडवून वेगळे गुंडाळावे, प्लग ओढण्याआधी प्रत्येकाचा फोटो घ्यावा. बॅकग्लास काढून उभी, दोन फोमच्या मध्ये ठेवावी, आडवी नाही. लंबक बांधावा. सुटलेले स्क्रू आणि तुकडे, ओळखू येत नसले तरी, पिशवीत भरून पेटीतच ठेवावेत. सर्किटचा नकाशा आणि नाण्यांच्या दाराची किल्ली मात्र स्वतःच्या बॅगेत असू द्यावी.

आपले,
जुन्या खेळयंत्रांची दुरुस्ती करणारे काही वाचक, पुणे